भरून उमटणारा पाय

माझ्या मुलीचा पाय भरून उमटतो. ओल्या पावलांनी ती कोरड्या फरशीवरून गेली की टाचेपासून बोटांपर्यंत सगळा तळवा दिसतो. इतरांच्या पावलात आतल्या बाजूला जो कोरा खळगा राहतो, तो तिच्या पावलात नाही. आमच्याकडे लोकांचं लक्ष जमिनीवर असतं. वाटेच्या धुळीत कोण येऊन गेलं, डुक्कर की बिबट, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय लहानपणीच लागते. त्यामुळे माझ्या मुलीचा पाय गावात तिच्या चेहऱ्याइतकाच ओळखीचा होता. हातपंपापासून पाणी सांडत कोण गेलं, हे कुणाला विचारावं लागत नसे.

गाव भद्रावतीच्या पुढे, जंगलाला लागून. हे माझ्या बायकोचं माहेर. ती इथल्या अंगणवाडीत काम करायची आणि तिची आई एकटी होती, म्हणून लग्नानंतर आम्ही इथेच राहिलो. मी वरोऱ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. सकाळी सातच्या एसटीनं जातो, दिवेलागणीला परत येतो. मागच्या भाद्रपदात बायको गेली. कावीळ झाली होती, अंगावर काढली, आणि उशीर झाला. त्यापलीकडचं मला अजून लिहिता येत नाही.

तिच्या दहाव्याला घरात बायका बसल्या होत्या. अंगण नुकतंच सारवलेलं होतं आणि मुलगी त्यावरून चालत गेली. पावलं उठली. एक म्हातारी ती पाहून म्हणाली, "भरल्या पायाची पोरगी मायले खाते म्हणतात, ते खोटं नाई."

माझी सासू चुलीपाशी होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "माह्या पोरीले कावीळनं नेलं," ती म्हणाली. "पायानं नाई. अन् तुह्या बुढ्याले कोणाच्या पायानं नेलं वो? तुह्याच का?"

पण मुलीनं म्हातारीचं बोलणं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती सारवलेल्या जागेवर पाय टाकेनाशी झाली. भिंतीच्या कडेनं, दगडावरून दगडावर जायची.

गावातली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला शेजारच्या गावी जावं लागतं. अंतर तीन किलोमीटर, त्यातला मधला निम्मा रस्ता जंगलातून. वाघाची भीती खरी आहे. दर हंगामात कुणाची तरी गाय, बकरी जातेच, आणि कधी त्याहून वाईट घडतं. म्हणून मुलं एकटीदुकटी जात नाहीत. सकाळी साडेनऊला देवळाच्या ओट्याशी सगळी जमतात आणि जत्थ्यानं निघतात. सोबत दोन मोठी माणसं असतात, एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात वाजवायला थाळी आणि चमचा. कोणत्या घरानं कोणत्या दिवशी सोबत जायचं, याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. शनिवारी कॉलेजला सुट्टी असते, म्हणून ती पाळी मी मागून घेतली होती.

डिसेंबरात त्या गावी शाळांचे खेळ होते. आमची चौथीची मुलंही जत्थ्यात गेली. माझी मुलगी मागे पडू लागली. चार वेळा सगळ्यांना थांबावं लागलं, आणि नाल्याच्या पुढे तर एका गड्यानं तिला खांद्यावर घेतलं. दहा वर्षांची मुलगी, वर्गातल्या सगळ्यांच्या देखत खांद्यावर. संध्याकाळी घरी आली तेव्हा ती माझ्याशी बोलली नाही. मी विचारलं, "पाय दुखले का?" तिनं मान हलवली, नाही म्हणून.

त्यानंतर गावात बोलणं सुरू झालं. एका पोरीसाठी वीस पोरांना जंगलात थांबवायचं का, हा प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता. माझ्या जागी दुसऱ्याची मुलगी असती, तर मीही तोच विचारला असता.

माझी मोठी बहीण चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला राहते. मेहुणे वीज केंद्रात आहेत. संक्रांतीला ती आली आणि सरळ बोलली.

"बाबू, पोरीले माह्याकडे दे. क्वार्टरच्या दारात बस येते, शाळेच्या दारात उतरवते. एक पाऊल चालाचं काम नाई."

"ती इथून जायला तयार नाही, ताई."

"दहा वर्षाच्या लेकराले का समजते? तू दिवसभर वरोऱ्याले. मावशीचं वय झालं. त्या जंगलात ती मागं राह्यली तर कोण पाह्यन?"

मावशी म्हणजे माझी सासू. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "नेणं असन तर ने बाई. पण तिची माय नुकतीच गेली. आता बापही रविवारचाच राहीन."

शेवटी ठरलं असं: जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत वाट पाहायची. मुलगी जत्थ्याबरोबर चालू शकली तर इथे, नाही तर ऊर्जानगर. मुलगी दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रात्रीच्या जेवणात ती एकच वाक्य बोलली: "मी चालीन."

मी पुस्तकातला माणूस. ती पाच-सहा वर्षांची असतानाच मी ग्रंथालयात बालसंगोपनाचं एक जुनं पुस्तक वाचून ठरवलं होतं की सपाट तळव्याला आतून उंचवटा असलेले बूट लागतात. ते घालत राहिलं की कमान घडते. बायको हसायची. "माह्या गावात कोणाच्या पायात बूट होते? सगळे चाललेच ना." पण गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, मुलीचे पाय संध्याकाळी दुखू लागले तेव्हा, तीही तयार झाली. आम्ही तिघं चंद्रपूरला जाऊन तसे बूट आणले. माप घेताना बायको दुकानदाराला म्हणाली, "वाढत्या पायाचे द्या." आमच्याकडे मुलांचे बूट असेच घेतात, दोन नंबर मोठे. घरी आल्यावर तिनं आईच्या वावरातला कापूस घेतला, सरकी काढली, आणि बुटांच्या टोकात दाबून भरला. लेस तिनंच ओवल्या. ही तिची शेवटची मोठी खरेदी.

फेब्रुवारीत मी मुलीला चंद्रपूरला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी तिला अनवाणी उभं केलं, मागून घोटे पाहिले. मग म्हणाल्या, "बेटा, भिंतीला हात लाव आणि चवड्यावर उभी राहा."

ती चवड्यावर उठली. डॉक्टरांनी मला खाली वाकायला सांगितलं. "पाहा."

तळव्याच्या आतल्या बाजूला कमान आली होती. छोटी, पण स्पष्ट. पावलाखालून मला समोरच्या खिडकीचा उजेड दिसत होता. दहा वर्षं मी त्या पायाकडे पाहत आलो होतो आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

"पाय लवचीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "भार पडला की बसतो, भार काढला की कमान दिसते. लहान मुलांमध्ये हे खूप असतं. बऱ्याच जणांची कमान वाढत्या वयात येते, काहींची येत नाही. ज्यांची येत नाही तेही नीट चालतात, धावतात. पाय ताठ असता, चवड्यावरही सपाटच राहिला असता, किंवा एकच पाय दुखत असता, तर मला काळजी होती. पण हिचा दुखायला नको होता. का दुखतो?"

मग त्यांनी बूट उचलले. आत हात घातला आणि कापसाचा गोळा बाहेर काढला. इतके महिने दाबून तो फरशीसारखा कडक झाला होता, एका बाजूला बोटांचे खड्डे.

"हे काय आहे?"

"वाढत्या पायाचे घेतले होते," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. मुलीचा पाय बुटाशेजारी ठेवून त्यांनी बाहेरून अंगठा दाबून दाखवला. आतला उंचवटा कमानीखाली यायला हवा. बूट दोन नंबर मोठा, म्हणून तो पुढे गेला होता, बोटांच्या मुळाशी, जिथे चालताना सगळा भार येतो. म्हणजे प्रत्येक पावलाला ती एका गोट्यावर पाय देत होती. डिसेंबरातल्या त्या वाटेवरही.

"दुखत होतं तर सांगितलं का नाही बेटा?"

मुलगी बुटांकडे पाहत होती. ती म्हणाली, "आईनं घेतले होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे बरं झालं. त्या कागदावर लिहीत राहिल्या. पोटरीची शीर आखडली आहे, ती ताणायचा व्यायाम रोज. पायाच्या बोटांनी वस्तू उचलायच्या. चवड्यावर चालायचं. घरात, अंगणात अनवाणी चाललं तरी चालेल. बूट मापाचे, टाचेला घट्ट, पुढे अंगठ्याएवढी जागा, बस. आणि मला म्हणाल्या, "कमान आणायच्या मागे लागू नका. चालणं दुखायला नको, एवढं धरून चला. दुखलं तर तिनं सांगितलं पाहिजे. ते सगळ्यात आधी."

परत येताना मुलीच्या पायात नवे, मापाचे बूट होते. जुने पिशवीत होते. भद्रावती आल्यावर मी तिला म्हणालो की आईला बुटाचं हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं; मी तर पुस्तक वाचून चुकलो होतो. माहीत असतं तर आईनंच ते बूट आधी फेकले असते. ती म्हणाली, "आई फेकत नाई. कोणाले तरी देते." ते खरं होतं. आम्ही ते बूट कपाटावर ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. मी व्यायामाचा शिक्षक नाही, पण वेळापत्रक पाळायची मला सवय आहे. सकाळी एसटीच्या आधी भिंत. दोन्ही हात भिंतीला, एक पाय मागे, टाच जमिनीला, तीसपर्यंत मोजायचं, मग दुसरा पाय. मी तिच्या शेजारी उभा राहून करायचो. सासू पाणी तापवताना पाहायची. "दोघंही भिंत ढकलून राह्यले सकाळपासून. पावसाच्या आधी पाडू नोका बाप्पा, दुसरी बांधाले माणूस नाई भेटत."

संध्याकाळी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून ती नातीच्या पोटऱ्या चोळायची. तेलानं कमान येते असा तिचा विश्वास होता. पोटऱ्या सैल होत होत्या, तेवढं मला पुरे होतं.

बोटांनी उचलायला डॉक्टरांनी गोट्या सांगितल्या होत्या. एप्रिलमध्ये अंगणभर मोहफुलं वाळत पडली तेव्हा सासू म्हणाली, गोट्या कशाला? मुलगी टोपलीपुढे खुर्चीवर बसायची आणि पायाच्या बोटांत एकेक फूल धरून टोपलीत टाकायची. आधी चार फुलांत बोटं थकायची. महिन्याच्या शेवटी टोपलीचं बूड झाकायचं. सासूनं तिची टोपली वेगळी ठेवली.

"माही काऊन वेगळी, आजी?"

"पायानं वेचलेली हाय वो. देवाले चालत नाई, पावण्यायले चालत नाई. बैलायले चालते. बैल कोणाचा पाय विचारत नाई."

मुलगी हसली. त्या घरात भाद्रपदानंतर ती मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नव्हतं.

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली. सूर्य वर आल्यावर आम्ही तलावाच्या बांधावरून चालायला जाऊ लागलो. ती जागा मोकळी आहे, चहूकडे दिसतं. पहिल्या दिवशी बांधाचं एक टोक ते दुसरं टोक, मग जाऊन येऊन, मग दोनदा. माझा एक नियम होता: दर फेरीनंतर तिनं सांगायचं, कुठे दुखतं. सुरुवातीला ती "नाई" म्हणायची. मी म्हणायचो, "नाही चालणार. कुठे तरी दुखतच असेल, माझंही दुखतं आहे." मी माझा गुडघा सांगायचो. मग ती नाइलाजानं पोटरी सांगायची. पंधरा दिवस मी माझा गुडघा सांगत राहिलो. अर्धा वेळ तो दुखतही नव्हता.

गावात एक म्हातारे आहेत. वनखात्यात मजूर म्हणून जन्म गेला, आता घरी असतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. जत्थ्याच्या पाळ्या तेच ठरवतात. एका सकाळी ते बांधावर बसले होते. आम्ही जवळ आलो तेव्हा ते आमच्याकडे नाही, आमच्या मागच्या धुळीकडे पाहत होते. मुलगी त्या दिवशी अनवाणी होती.

"बाबू, इकडं ये," ते म्हणाले. "पोरीचा पाय पाह्य. पह्यले कसा पडे? फरशी टाकल्यावानी. आता पाह्य, आंगठा रुतून राह्यला. माती मागं फेकते. हा चालणाराचा पाय होय."

पाय अजून भरूनच उमटत होता. पण अंगठ्याच्या जागी खरंच खोल खळगा होता. मुलगी स्वतःच्या पावलाकडे वाकून बघत राहिली. मग मुद्दाम मऊ मातीतून आणखी चार पावलं चालली आणि पुन्हा वळून पाहिलं.

मी भाऊंना सगळं सांगितलं. ऊर्जानगरचंही. ते ऐकून घेत राहिले. म्हणाले, "ती बाकीच्यायच्या बरोबरीनं नाई चालणार बाबू, एवढ्यात तरी नाई. पण ते पाहू."

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रविवारी ओट्यावर पाळ्या ठरवायला माणसं जमली. माझ्या मुलीचा विषय निघालाच. एक बाई म्हणाली, "आमच्या पोट्ट्यायले रोज उशीर होईन. वरतून जंगलात थांबाचं. जीव का झाडाले लागला?"

भाऊंनी विचारलं, "जत्थ्यात मागं कोण राह्यते?"

"जो हळू चालते तो."

"अन् वाघ आला तर कुठून येते?"

भाऊच म्हणाले, "मागून येते. आम्ही फिरतीले जात जाओ, तं हळू चालणाऱ्याले सगळ्यात पुढं ठेवाओ, काठीवाल्याच्या मागं लगेच. मंग कोणी सुटतच नाई. तुम्ही धावणाऱ्यायले पुढं सोडता अन् थकलेल्याले मागं टाकता. तुमचा जत्था नाई, बाजार होय तो. ह्या पोरीसाठी नाई सांगत मी. पह्यलीच गोष्ट चुकून राह्यली."

"मंग भाऊ, तुमची पाळी असन तवा तुम्हीच सगळ्यात पुढं राहान!" कुणीतरी मागून म्हणालं. सगळे हसले, भाऊही. ती बाई हसली नाही. "आठ दिवस पाहू," ती म्हणाली. "मंग बोलू."

शाळेच्या पहिल्या दिवसासाठी मी रजा टाकली. ताई आदल्या दिवशीच आली होती, रिकामी बॅग घेऊन. मुलीनं ती बॅग पाहिली होती. ताई म्हणाली, मीही चालते, डोळ्यानं पाहू दे. आम्ही निघालो. पुढे भाऊ काठी घेऊन, त्यांच्या मागे माझी मुलगी, मग बाकीची मुलं, आणि शेवटी आम्ही मोठे. रात्री पाऊस झाला होता. रस्ता निसरडा होता आणि ताईच्या चपलांना चिखल लागून त्या जड झाल्या होत्या. दर शंभर पावलांवर ती काडीनं चिखल काढायची. थाळीवर मधूनमधून चमचा वाजायचा.

चाल हळू होती, पण सलग होती. डिसेंबरासारखं लांबणं आणि थांबणं नव्हतं. मुलं मागून कुरकुरत होती, पुढे जाता येत नव्हतं. नाल्याच्या पलीकडे, तिला खांद्यावर घेतलं होतं त्याच्या थोडं पुढे, मुलगी खाली बसली. सगळे थांबले. ताईनं माझ्याकडे पाहिलं.

"झालं," ओट्यावरची ती बाई, तिची त्या दिवशी थाळीची पाळी होती, म्हणाली. "बसली महाराणी."

"बसली नाई," मुलगी न वळता म्हणाली. "लेस बांधून राह्यली. तुमच्या पोराची पण सुटली, पाहा."

बाईनं खाली पाहिलं. खरंच सुटली होती. ती वाकली आणि बांधू लागली, पुटपुटत.

आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना सुरू झाली होती. म्हणजे उशीर झालाच. शिक्षक फाटकाशी उभे होते. भाऊ त्यांना म्हणाले, "उद्यापासून धा मिनिटं आधी निघू, सर." मग त्या बाईकडे वळून, "निघू ना?" तिनं मुलाला रांगेकडे ढकललं आणि म्हणाली, "निघा ना, मले का विचारता? मी तं सकाळपासून उठलीच राह्यतो."

ताई फाटकाच्या कट्ट्यावर बसली होती, चपला काढून. तिच्या टाचेला फोड आला होता. ती मला म्हणाली, "मले वाटलं होतं, ती रडन अन् मी तिले घेऊन जाईन." मग, "दिवाळीपर्यंत पाह्यतो. पाय दुखला अन् लपवलं, तर मी ऐकणार नाई, बाबू. मंग नेईन."

तेवढ्यात मुलगी माझ्याजवळ आली. रांग दहा पावलांवर होती, दप्तर पाठीवर होतं.

"बाबा, दुखून राह्यलं," ती म्हणाली. "तळवा नाई. पोटरी. डावी जास्त, उजवी थोडी."

मी चिखलात गुडघा टेकला आणि तिची डावी पोटरी दोन्ही हातांनी दाबू लागलो. तिनं माझ्या खांद्याला धरलं. प्रार्थना संपायला अजून थोडा वेळ होता.